बारीक

रुचा गॅसवर चहा ठेवून वळली, तर आई स्वयंपाकघराच्या दारात गर्द हिरवा कुर्ता घालून उभी होती. कुर्ता रुचाचा होता. पहिल्या पगारातून दुबईत कराम्यातल्या एका दुकानात घेतलेला, एक-दोनदाच अंगाला लागलेला, आणि मग इतकी वर्षं कपाटाच्या तळच्या खणात घडी न मोडता पडून राहिलेला. मार्चमध्ये पळायला सुरुवात केली तेव्हा तिने मनाशी ठरवलं होतं, ज्या दिवशी हा अंगात जाईल त्या दिवशी पुरे. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. "तुझं कपाट आवरत होते," आई म्हणाली. "नुसता पडला होता. बघ, बसला की मला." आणि ओट्याला एका हाताने धरून ती स्वतःभोवती एक फेरी फिरली. कुर्ता तिला बसला कुठला, ती त्यात हरवली होती. खांद्याची शिवण दंडावर उतरली होती, गळ्याखालची दोन्ही हाडं वर आली होती. पण डोळे पैज जिंकल्यासारखे चमकत होते. "नाइस आहे," रुचा म्हणाली. मागे चहा उतू गेला आणि गॅस विझला, तरी ती दोन क्षण तशीच उभी राहिली. मनात जे आलं होतं त्याला काय म्हणावं ते तिला कळत नव्हतं. राग म्हणावा तर त्यात एवढा गारवा कुठून आला.

शारजात, अल मजाजमधला हा फ्लॅट बाबांच्या वेळचा. जगन्नाथराव एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत होते, त्यांनी याच घरात तीस वर्षं काढली आणि याच घरातून ते गेले. त्यानंतर आई, म्हणजे मीनाक्षीबाई, सांगलीला परत न जाता रुचाच्या व्हिसावर राहिल्या. रुचा शारजातच वाढली, इथेच शिकली, आणि आता दुबईत, देऱ्यातल्या एका कार्गो कंपनीत ऑपरेशन्स बघते. लग्न झालं नाही. चाळिशी जवळ आली तेव्हा तिने फेब्रुवारीतल्या बेचाळीस किलोमीटरच्या शर्यतीत नाव घातलं, आणि घराखालच्या खालिद लगूनच्या कडेने पळायला लागली. पहिल्या सहा महिन्यांत वजन असं उतरलं की ऑफिसातले लोक लिफ्टमध्ये थांबवून विचारायचे. जीन्स बदलल्या, घड्याळाचा पट्टा दोन भोकं आत गेला. आणि दसऱ्याच्या सुमारास काटा थांबला. अठ्ठ्याहत्तर. अंतर वाढवलं, अठ्ठ्याहत्तर. भात सोडला, अठ्ठ्याहत्तर. मग पोळीही सोडली. रविवारी ती अडीच-तीन तास पळून यायची, कपडे अंगातून पिळून काढावे लागायचे, पायांच्या नखांखाली रक्त साकळलेलं असायचं, आणि काटा तिथल्या तिथे. शरीर हे आपलं नाहीच, कुणीतरी आपल्यावर नेमलेला माणूस आहे आणि तो आईकडून पगार घेतो, असं तिला एकदा पळताना वाटलं आणि ती एकटीच हसली. कारण दसऱ्याच्या सुमारास तिचा काटा थांबला, त्याच सुमारास आईचा सुटला होता.

आईला काटा आवडायचा. रुचा लहान असताना बाथरूमच्या दाराशी लाल, गोल काटा असायचा आणि दर शुक्रवारी, बाबांना सुट्टी म्हणून, तिला त्यावर उभं करून आई बाबांना आकडा वाचून दाखवायची. बाबा वर्तमानपत्र खाली न करता "बरं" म्हणायचे. शाळेच्या डब्यात काकडी. वाढदिवसाला केक यायचा, पण तो वर्गात वाटायला. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत फोटो काढताना आई तिच्या दंडाला दोन बोटांत धरून तिला मागच्या रांगेत सरकवायची; वरून कुणाला दिसायचं नाही, दिसायचा तो मुलीच्या मागे मायेने ठेवलेला आईचा हात. रुचा इंग्रजीत उत्तर द्यायची, "स्टॉप इट, मम्मा," आणि आई हसत मराठीत म्हणायची, "माझं शरीर तुझ्या वेळेला गेलं ते गेलं. तू स्वतःचं तरी सांभाळ." हे ती चिडून कधीच बोलायची नाही. दूधवाल्याला उद्या एक लिटर जास्त टाका म्हणावं, त्या आवाजात बोलायची. पुढे कराम्यातल्या एका कुटुंबाकडून मुलगा बघायला आला, दोन वेळा भेट झाली, रुचाला तो आवडलाही. त्यांचा निरोप आला, मुलगी चांगली आहे, पण. 'पण'च्या पुढे काही नव्हतं. आईने फोन ठेवला आणि रुचाच्या ताटातला पुरणपोळीचा अर्धा तुकडा उचलून परत डब्यात ठेवला. त्या गोष्टीला बारा वर्षं झाली, पण तो तुकडा उचलणारी बोटं, त्यांतली तुपाने ओली अंगठी, रुचाला कॉर्निशवर, पाण्याकडेच्या त्या पळायच्या वाटेवर, अजून भेटायची. मग ती वेग वाढवायची.

आता रोज सकाळी रुचा काट्यावरून उतरली की आई चढायची. साडी वर धरून, एक पाय मग दुसरा, देवळाची पायरी चढावी तशी. "माझा परत एक गेला," ती बाहेर येऊन सांगायची. "तुझं काय? तेच?" रुचा बुटाची नाडी बांधत म्हणायची, "मसल वाढतात आई, मसलचं वजन असतं." "असेल बाई. आम्हाला काय कळतं. मी आपली दोन घास खाते, सिरीयल बघते, आणि उतरतंय. तू एवढी त्या उन्हातान्हात..." वाक्य पुरं करायची तिला गरज नसायची. रुचा दार ओढून घ्यायची, लिफ्टच्या आरशात बघायची नाही, आणि खाली पाण्याच्या कडेला पळायला लागायची. डिसेंबरातही पहाटेच्या हवेला खारट चिकटपणा होता. झाडलोट करणारे बंगाली तिला आता ओळखू लागले होते आणि वाट देत होते. पळताना तिच्या डोक्यात आकडा चालू असायचा, मग आकड्यामागे आई, मग आईच्या मागे तो लाल काटा, आणि परतीच्या वाटेवर सगळं एकात एक मिसळून नुसता एक ठोका उरायचा, जो पायांचाही होता आणि द्वेषाचाही.

नबिला तिची पळण्यातली सोबतीण. हैदराबादची, कराम्यात एका दवाखान्यात नर्स, चाळिशीची, उंच, बोलायला फटकळ. रविवारी दोघी ममझारच्या किनाऱ्याने लांबचं पळायच्या; नबिला हिंदीत बोलायची, रुचा मराठीत, आणि अडायचं नाही. वजन अडल्याबद्दल नबिलाचं म्हणणं एकच असायचं. "बॉडी डर गई है तेरी. इतना भगाती है, खिलाती कुछ नहीं. वो पकड़ के बैठ गई है. खा, यार. थोड़ा चावल खा, फिर देख." रुचाला ते पटायचं आणि ती खायची नाही. त्या हिरव्या कुर्त्याच्या दुसऱ्याच दिवशी, पळून झाल्यावर दोघी कठड्यावर पाय ताणत होत्या तेव्हा रुचा म्हणाली, "आणि माझी आई बघ. बसल्या बसल्या बारा किलो." तिने ते विनोद म्हणून सांगितलं होतं. नबिलाने पाय खाली घेतला. "कबसे?" "दसऱ्यापासून असेल. ऑक्टोबर." "डाएट पे हैं?" "छे. तिला हल्ली भूकच नसते. पाठ दुखते म्हणते, दुपारी झोपते. वय झालं." नबिला तिच्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा बदलला होता, दवाखान्यातला झाला होता. "रुचा, इस उम्र में बिना वजह ऐसे वज़न नहीं गिरता. इसी हफ़्ते दिखा दे. ब्लड, सोनोग्राफी, सब. मैं डॉक्टर को बोल के रखती हूँ. सुन रही है ना?" "हो," रुचा म्हणाली. "इसी हफ़्ते."

खरं तर तिला तेव्हाच कळलं. कळणं म्हणजे मोठा प्रकाश वगैरे पडला नाही. गाडी शारजाच्या दिशेने वळवताना, पुढच्या ट्रकचे मागचे दिवे लागले आणि ब्रेकवर पाय गेला, तेवढ्या वेळात सगळं जागच्या जागी जाऊन बसलं. ताटात सोडलेली भाजी. जेवल्यावर पाठीखाली घेतलेली उशी. बांगड्या मनगटावरून कोपराकडे घसरणं. भीती आली, पण ती दुसरी आली. तिच्या आधी जे आलं ते रुचाने नीट ओळखलं, आणि ओळखून बाजूला सारलं नाही. म्हणजे ती जिंकत नव्हती. तिचं ते उतरणं खोटं होतं. एवढे महिने दाराशी उभी राहून जो आकडा ती मिरवत होती तो तिचा नव्हताच. रुचाला एकदम हलकं वाटलं, पाठीवरचं कुणीतरी उतरल्यासारखं. मग घाम आला. एसी वाढवला. घरी येऊन तिने आईला विचारलं, "पाठ कशी आहे?" आई सोफ्यावर होती. "माझ्या पाठीचं काय घेऊन बसलीस. तू आज किती पळालीस? आणि काटा? तेच ना?" रुचा बघत उभी राहिली. बोलायचं वाक्य जिभेवर होतं, उद्या डॉक्टरकडे जाऊ. ते तिने तिथेच ठेवलं. शर्यत सहा-सात आठवड्यांवर आहे, तिने स्वतःला सांगितलं. आता तपासण्या सुरू झाल्या की पळणं गेलं. शर्यतीनंतर लगेच. एवढ्यात काय होतंय. आणि या सगळ्या समजुतीच्या खाली, जिथे ती सहसा बघत नसे, तिथे दुसरं एक वाक्य स्वच्छ मराठीत पडलेलं होतं: मिरव अजून थोडे दिवस.

पुढच्या रविवारी नबिलाने भेटल्या भेटल्या विचारलं. "दिखाया?" "हो," रुचा म्हणाली. "सगळं नॉर्मल आहे. थायरॉइडचं थोडं आहे, गोळी दिली." इतकं सहज आलं की थायरॉइड कुठून आलं याचं तिलाच नवल वाटलं. "अल्हमदुलिल्लाह," नबिला म्हणाली आणि तिच्या पाठीवर थाप मारली. "मैं तो डर गई थी, यार. यल्ला, चल." त्या दिवशी रुचा आजवरचं सगळ्यांत लांब अंतर पळाली आणि शेवटपर्यंत तिचे पाय जड झाले नाहीत.

संक्रांतीला मंडळाचा कार्यक्रम होता, अल नहदातल्या एका हॉलमध्ये. आई काळी चंद्रकळा नेसली, आत दोन परकर घालून, नाहीतर साडी उभी राहत नव्हती. हॉलमध्ये शिरताच बायकांनी तिला घेरलं. किती बारीक झालात, मीनाक्षीताई. ओळखूच आल्या नाहीत. काय करता सांगा ना आम्हालाही. आई खुर्चीवर टेकली होती, एक हात पोटावर, चेहरा थोडा पिवळट, पण हॉलमधल्या त्या दिव्यांखाली सगळ्याच पिवळ्या दिसत होत्या. "काही नाही हो करत," ती म्हणाली. "मनावर ताबा पाहिजे. नाहीतर आमच्या हिला बघा. रोज घोड्यासारखी पळते, आणि जिथल्या तिथे." बायका हसल्या, वाईट हेतूने नाही, तिळगूळ हातात घेऊन माणसं हसतात तशा. एकीने रुचाच्या दंडाला हात लावून म्हटलं, "नाही हं, रुचाही कमी झालीय." आईने त्या दंडाकडे नुसतं पाहिलं. रुचाने तिळाची वडी तोंडात टाकली. ती हळूहळू चावत ती आईच्या मानेकडे बघत राहिली, तिथे कातडीखाली शीर उडत होती. मी बोलले तर आत्ता, या क्षणी, हे सगळं थांबेल, तिला वाटलं. या बायकांच्या चेहऱ्यांवरचं हसू कसं उतरेल तेही तिला दिसलं. हातात एवढी ताकद आहे हे तिला आयुष्यात पहिल्यांदा जाणवत होतं, आणि ती तिने वापरली नाही, कारण न वापरण्यात जास्त चव होती. घरी येताना गाडीत आई म्हणाली, "सगळ्या बघत होत्या, नाही?" "हो, आई," रुचा म्हणाली. "सगळ्या तुझ्याकडेच बघत होत्या." आईने समाधानाने डोळे मिटले. सिग्नलला तिचं डोकं काचेला टेकलं होतं आणि तोंड किंचित उघडं होतं. तिला याआधी कधीही कुणी बारीक म्हटलं नसेल, रुचाच्या मनात आलं. लग्नाआधी तिच्या आईनेही तिला काट्यावर चढवलं असेल. हा विचार तिला नको होता. सिग्नल सुटला.

शर्यत झाली. रुचाने ती पुरी केली, ठरवल्यापेक्षा बराच वेळ जास्त लागला. तिसाव्या किलोमीटरच्या पुढे शरीर खरंच कुणा दुसऱ्याचं झालं. मांड्या दगड, कानात शिट्टी, तोंडात लोखंडाची चव. सरळ रुंद रस्ता, एका बाजूला समुद्र, तो जवळ असून दिसत नव्हता, पुढे पाठीच पाठी. तिने ठरवलं होतं की तिथे पोचल्यावर आपण काहीतरी मोठा विचार करू. प्रत्यक्षात तिला फक्त भात दिसत होता, वरण, वर तुपाची धार. रेषा ओलांडल्यावर कुणीतरी गळ्यात पदक घातलं. नबिला केव्हाच पोचली होती, तिने मिठी मारली आणि दोघी रडल्या. रुचाला वाटलं, हे रडणं चांगलं आहे, हे खरं आहे, आता इथून पुढे सगळं नीट करू. उद्याच आईला नेऊ.

घरी आली तर आई बाहेरच्या खोलीत तयार होऊन बसली होती. बाहेर जायची साडी, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. पदकाकडे तिचं लक्ष गेलं. "झाली?" "झाली." "पूर्ण?" "पूर्ण." "बरं झालं." आणि मग, उन्हाच्या तिरिपेत चेहरा वर करून, "आता मला जरा डॉक्टरकडे नेतेस का?" त्या उजेडात रुचाला डोळे दिसले. पांढऱ्याच्या जागी हळदीचा रंग. "दिवाळीपासून दुखतंय गं," आई म्हणाली. "रात्री बसून काढते. लघवीही लाल-पिवळी होते. पण म्हटलं, तुझी शर्यत होऊ दे. एवढी घोकत होतीस. मधेच माझं काढलं असतं तर तुला तेवढंच निमित्त झालं असतं थांबायला." रुचा दारातच उभी होती. "तुला माहीत होतं?" तिने विचारलं. "मला काय माहीत असणार. अंगात काहीतरी आहे एवढं कळतं की माणसाला." आईने पर्स उचलली. "पण बारीक झाले होते ना. म्हटलं, तेवढं तर तेवढं."

स्वादुपिंड. डॉक्टर केरळचा होता, मऊ आवाजाचा, पेन दोन बोटांत फिरवत बोलायचा. यकृतापर्यंत गेलं आहे, म्हणाला. ऑपरेशनची वेळ गेली. मग त्याने विचारलं, वज़न कब से गिर रहा है? आई पलंगावर होती, टोपीत अडकवलेल्या केसांनी लहान दिसत होती. "आत्ताच," रुचा म्हणाली. "रिसेंटली. वी डिडन्ट नोटिस." "दसऱ्यापासून," आई म्हणाली. तिने डॉक्टरकडे न बघता रुचाकडे बघून म्हटलं. "रोज सांगायचे मी तिला." डॉक्टरने दसरा तेवढा ओळखून लिहून घेतलं. बाहेर पॅसेजमध्ये त्याने रुचाला हळूच सांगितलं की दोन-तीन महिने आधी आलं असतं तर कदाचित, कदाचित, सांगता येत नाही, पण शस्त्रक्रियेचा विचार तरी करता आला असता. रुचाने मान हलवली. ती आधी 'कदाचित'ला चिकटली आणि मग दिवसभर त्याच शब्दाने तिला सोललं.

नबिला दुसऱ्या दिवशी आली, ड्यूटीच्या कपड्यांतच, डब्यात सूप घेऊन. फाइल पलंगाच्या टोकाला लटकत होती. तिने ती सवयीने उघडली, वाचली, पहिली तारीख पुन्हा पाहिली. "वो पहले वाले रिपोर्ट कहाँ हैं? जनवरी वाले?" रुचाने पाण्याचा ग्लास उचलून परत ठेवला. "थायरॉइड वाले," नबिला म्हणाली. आई डोळे मिटून पडली होती. रुचाने खिडकीबाहेर पाहिलं, खाली पार्किंगमध्ये एक माणूस गाडीची काच पुसत होता, अगदी मन लावून. नबिलाने फाइल परत अडकवली, ती सरळ केली, सूपचा डबा टेबलावर ठेवला, आईच्या कपाळावरून हात फिरवला. जाताना तिने रुचाकडे पाहिलं नाही. दार आपोआप, आवाज न करता बंद झालं. नंतर तिचा फोन कधी आला नाही.

दुपारी ट्रे आला. मऊ भात, पिवळी डाळ, उकडलेलं गाजर, वाटीत दही, कस्टर्ड. आईने झाकण काढलेलं पाहिलं आणि मान फिरवली. "वासच नको वाटतो." थोड्या वेळाने ती म्हणाली, "तू कधी जेवलीस?" रुचाला आठवेना. शर्यतीच्या दिवशी एक केळं. नंतर कॉफी, कॉफी. "तू खा ते," आई म्हणाली. रुचाने वर पाहिलं. आई उशीला टेकून तिच्याकडे बघत होती, त्या पिवळ्या डोळ्यांनी, सरळ. "वाया जाईल. खा. भात पण खा." या बाईने तिला आयुष्यात कधी भात खा म्हटलं नव्हतं. रुचाला वाटलं, आता सांगावं. मला माहीत होतं, आई. मी गप्प बसले. "आई," ती म्हणाली. "आधी खा," आई म्हणाली. "माहितीये मला." काय माहीत आहे ते रुचाने विचारलं नाही.

तिने ट्रे मांडीवर ओढला. डाळ भातावर ओतली आणि कालवायला सुरुवात केली, चमचा बाजूला ठेवून, हाताने. पहिला घास तोंडात गेला आणि मग तिला आवरेना. भात कोमट आणि अळणी होता आणि तिने आजवर असं काही खाल्लं नव्हतं. ती वाकून खात होती, घास गिळायच्या आत दुसरा, डाळ मनगटावरून खाली येत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते तिने पुसलं नाही, हात रिकामा नव्हता. गाजर संपलं. दही संपलं. मग आई म्हणाली, दमलेल्या, पण अगदी ओळखीच्या आवाजात, "हळू. किती बकाबका खातेस गं."

रुचाचा हात क्षणभर थांबला. मग तिने कस्टर्डची वाटी पुढे ओढली.